अफगाण चर्चच्या भिंतीवर कोण नाही

कुलाब्याच्या टोकाला चर्च बांधायला जागा देताना मुंबई सरकारने एक अट घातली होती. मनोरा एवढा उंच हवा, की बंदरात शिरणाऱ्या जहाजांना तो लांबूनच दिसला पाहिजे. १८३८ ते १८४३ या वर्षांत सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांमध्ये जे मेले, त्यांचं हे स्मारक. पायाचा दगड ४ डिसेंबर १८४७ रोजी बसला, ७ जानेवारी १८५८ रोजी बिशपच्या हस्ते चर्च खुलं झालं आणि मनोऱ्याचं काम १८६५ साली संपलं. उंची साधारण ६० मीटर. कागदोपत्री ते सेंट जॉनचं चर्च आहे, मुंबईकरांसाठी ते पहिल्यापासून अफगाण चर्च. नेव्ही नगरकडे जाणाऱ्या बेस्टच्या बसचा थांबाही त्याच नावाचा.

युद्धस्मारकाने पत्त्याची खूण व्हावं, त्याच्या नावाचा बसथांबा असावा, याने त्याचं पावित्र्य कमी होतं असं मानणारे बरेच आहेत. दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावं कोरलेली आहेत आणि लोक तिथे आइस्क्रीम खायला जातात, अशी हळहळ वर्तमानपत्रांत अधूनमधून वाचायला मिळते. मला ती हळहळ पटत नाही. लोक जिथे जात नाहीत, ज्याच्या आधाराने कुणी वाट विचारत नाही, त्या स्मारकाचं पुढे काय होतं ते आपल्या तालुक्यांमधून पाहता येतं. १९८०च्या दशकात राज्य सरकारने ठिकठिकाणी दोनशेहून अधिक हुतात्मा स्मारकं बांधली. त्यांतली कितीतरी गावाबाहेर, कुलूप लावलेली, गवतात बुडालेली आहेत. उलट अलिबागला कान्होजी आंग्र्यांची समाधी भर गावात आहे. शाळेला आणि बाजाराला जाणारी पावलं तिच्यावरून जातात, आणि १७२९ साली गेलेला दर्यासारंग अलिबागकरांच्या बोलण्यात अजून राहतो. रोजच्या वापराने मेलेल्यांचा अपमान होत नाही. कंडक्टर दिवसातून कित्येकदा ‘अफगाण चर्च’ पुकारतो आणि नकळत एका विसरलेल्या युद्धाचं नाव शहराच्या कानावर घालतो.

समुद्रावरच्या माणसाला तर खुणेची किंमत कुणी सांगायला नको. माझं गाव आपटा. पाताळगंगेच्या काठावर, कर्नाळ्याच्या पायथ्यापलीकडे. कर्नाळ्याच्या माथ्यावरचा तो सरळ उभा सुळका आमच्याकडून दिसतो, तसा तो स्वच्छ हवेत मुंबईच्या बाजूनेही दिसतो. इंग्रजांनी त्या डोंगराला फनेल हिल असं आपलं नाव दिलं होतं, कारण त्यांच्या दर्यावर्दी नजरेला तो तसा दिसला. आमच्या खाड्यांमधले कोळी आजही मासेमारीची जागा ठरवताना किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरतात, एखादं देऊळ आणि त्यामागचा डोंगर, किंवा दीपगृह आणि एखादं उंच झाड. त्या रेषेवर जीव आणि जाळं दोन्ही सोपवतात. तेव्हा मेलेल्यांच्या स्मरणासाठी बांधलेल्या मनोऱ्याने जिवंत माणसाला बंदराची वाट दाखवावी, ही मुंबई सरकारची अट मला फार शहाणपणाची वाटते. स्मारकाला याहून चांगलं काम कोणतं देणार?

माझी तक्रार मनोऱ्याबद्दल नाही, आतल्या भिंतीबद्दल आहे.

चर्चच्या भिंतींवर मेलेल्या अधिकाऱ्यांची नावं आहेत. त्यांच्या खालचे हुद्देदार आणि साधे शिपाई यांच्याबद्दल तिथल्या स्मरणलेखात म्हटलंय त्याचा आशय असा, की ते इतके होते की त्यांची नावं लिहिणं शक्य झालं नाही. संख्या फार म्हणून नावं नाहीत. पण मेलेले जितके जास्त, तितकी भिंत मोठी बांधायला हवी होती. ६० मीटरचा मनोरा परवडला, त्यासाठी मनोरा पुरा होईपर्यंत अठरा वर्षं धीर धरता आला. शिपायांच्या नावांसाठी मात्र दगड पुरला नाही.

कोण होते हे नाव नसलेले? पहिल्या अफगाण युद्धाचं नाव काढलं की जानेवारी १८४२ मधली काबूलहून झालेली माघार आठवते. सुमारे साडेचार हजार सैनिक आणि त्यांच्यामागे बारा हजारांच्या आसपास नोकरचाकर, बायकामुलं, बैलवाले, भिस्ती. जवळजवळ सगळे वाटेत संपले. जलालाबादच्या तटावरून दिसलेला घोड्यावरचा एकटा डॉक्टर ब्रायडन हे त्या माघारीचं इंग्रजांनी जपलेलं चित्र. त्या साडेचार हजारांतले गोरे जेमतेम सातशे होते, बाकीचे हिंदी शिपाई. पण ती फौज मुख्यतः बंगालची. मुंबईच्या फौजेची कथा वेगळी आहे आणि ती आपल्याकडे जवळजवळ कुणी सांगत नाही. १८३८च्या अखेरीस सर जॉन कीनच्या हाताखाली मुंबईच्या पलटणी जहाजांतून सिंधू नदीच्या मुखाशी उतरल्या. पुढच्या वर्षी कराची घेतली, बोलन खिंड ओलांडली, जुलैत गझनी घेतली. या पलटणींमध्ये उत्तर हिंदुस्थानातले, ‘परदेशी’ म्हणवले जाणारे शिपाई होते, आणि त्यांच्याबरोबर कोकणातले मराठे, महार आणि बेने इस्रायलीही होते. पनवेल, पेण, रोहा, आपटा अशा आपल्याच गावांची नावं आडनावात घेऊन फिरणारा बेने इस्रायली समाज कंपनीच्या पलटणींमध्ये सुभेदारापर्यंत चढला होता. पनवेलचं त्यांचं सिनेगॉग याच काळातलं आहे.

या मोहिमेतली एक हकीगत जरा थांबून सांगायला हवी. बलुचिस्तानात मर्री टोळ्यांच्या डोंगरात काहान नावाचा एक किल्ला आहे. १८४०च्या उन्हाळ्यात तिथे कॅप्टन लुइस ब्राऊन याच्याबरोबर मुंबईच्या ५व्या पलटणीचे सुमारे तीनशे शिपाई होते. रसद पोहोचवून उंटांसह परत निघालेली एक तुकडी डोंगरात गाठून मर्रींनी कापून काढली. मग वेढा पडला आणि तो उन्हाळा आणि पुढचा सगळा पावसाळा सरेपर्यंत उठला नाही. त्यांना सोडवायला मेजर क्लिबॉर्नची फौज निघाली, तीही मुख्यतः मुंबईच्या ग्रेनेडियर पलटणींची. ३१ ऑगस्टला नफूस्कच्या खिंडीत लढाई झाली. मर्रींचा हल्ला परतवला गेला, पण पाणी नव्हतं. पाण्याच्या शोधात पाठवलेली माणसं परत आली नाहीत. शिपाई तहानेने मेले, आणि उरलेली फौज काहानपर्यंत न पोहोचता मागे फिरली. आतल्या शिपायांना आपल्या सुटकेला आलेली फौज मागे फिरली, हे कळायलाही काही दिवस लागले. अखेर सप्टेंबरच्या शेवटी मर्रींचा सरदार दोदा याच्याशी करार झाला आणि आजाराने खंगलेले शिपाई बाहेर पडले. मर्री वचनाला जागले. त्यांनी वाटेत हल्ला केला नाही.

ती ५वी पलटण आजही आहे. भारतीय लष्कराच्या मराठा लाइट इन्फंट्रीची २री बटालियन ती हीच, आणि तिचे जवान तिला अभिमानाने ‘काली पाचवी’ म्हणतात. रेजिमेंटचं केंद्र बेळगावला आहे. कोल्हापूर, सातारा, रत्नागिरी, रायगडची पोरं तिथे आजही भरती होतात. म्हणजे पलटणीची परंपरा तुटलेली नाही, पलटणीचं नाव शाबूत आहे. त्या परंपरेसाठी काहानच्या वेढ्यात जे खंगले, आणि त्यांना सोडवायला येताना नफूस्कच्या खिंडीत पाण्यावाचून ज्यांचा घसा कोरडा पडला, त्यांच्यातल्या एकाचंही नाव मुंबईत समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्यांच्याच स्मारकात वाचता येत नाही.

यावर कुणी म्हणेल, तो काळच तसा होता, तेव्हा शिपायाचं नाव कोण लिहीत होतं? हे खरं नाही. कोरेगाव भीमाचा विजयस्तंभ कंपनी सरकारनेच उभारला, आणि तोही कुलाब्याच्या चर्चच्या पायाभरणीआधी पंचवीसेक वर्षं. १ जानेवारी १८१८च्या लढाईत कंपनीच्या बाजूने पडलेल्या साध्या शिपायांची नावं त्यावर आहेत. त्या ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, म्हणजे ते महार शिपाई. त्यांच्यासोबत मराठे आहेत, रजपूत आहेत, मुसलमान आहेत. लेख इंग्रजीत आहे तसा मराठीतही आहे. त्या नावांनी पुढे काय घडवलं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले. महारांची सैन्यभरती बंद झालेली होती, आणि ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं त्यांचे पूर्वज लढून पडले याचा दगडावर कोरलेला पुरावा बाबासाहेबांच्या हाती होता. दगड बांधला कुणी, कोणत्या हेतूने, हा प्रश्न त्या दिवसापासून दुय्यम झाला. तो दगड आता त्या नावांच्या वारसांचा आहे आणि दरवर्षी लाखो माणसं तिथे येतात.

कुलाब्याला लाखो येऊ नयेत, तेवढी जागाही तिथे नाही. पण एकही वारस येत नाही, याचं कारण भिंतीवर त्याला ओळखू येईल असं काही नाही. नाव कोरणं म्हणजे मेलेल्याचा मान राखणं, असं आपण धरून चालतो. त्यापेक्षा मोठं काम ते करतं. ते जिवंतांना हक्क देतं. कोरेगावचा दगड आणि कुलाब्याची भिंत यांच्यात नेमका हाच फरक आहे. एकीकडे आडरानात, भीमेच्या काठावर, नावांनी भरलेला दगड आहे, दुसरीकडे शहरात, समुद्रावरून दिसावा म्हणून बांधलेला मनोरा आहे आणि त्याच्या पोटात शिपायांची गणतीसुद्धा नाही.

ही चूक एकदाच झाली असती तर जुन्या काळावर ढकलता आली असती. पहिल्या महायुद्धात तीच पुन्हा झाली, आणि जास्त मोठ्या प्रमाणात. मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात सापडलेली फौज ही ६वी, म्हणजे पुणे डिव्हिजन. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण जाईपर्यंत ती उपाशी राहिली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. त्या रणांगणावर मेलेल्यांचं स्मारक बसऱ्याला शत्त-अल-अरबच्या काठी नाविक गोदीत उभारलं गेलं, चाळीस हजारांहून अधिक मृतांसाठी. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत, आणि साध्या हिंदी शिपायांच्या जागी पलटणीखाली एक आकडा. अमुक पलटण, अमुक इतके. २०२१ साली कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने स्वतःच अहवाल काढून मान्य केलं की त्या युद्धात किमान एक लाख सोळा हजार मृतांची नावं, बहुतेक आफ्रिका आणि आशियातली, नीट नोंदली गेली नाहीत, आणि खरा आकडा याहून पुष्कळ मोठा असू शकतो. बसऱ्याचं स्मारक तर १९९७ साली सद्दामच्या हुकुमाने पाण्याकाठून उचलून आत वाळवंटात नेलं गेलं. पाण्याची खूणही गेली, नावं तर मुळात नव्हतीच.

मुंबईत मात्र याच्या अगदी उलट असलेली एक जागा आहे, आणि तिच्याबद्दल मुंबईकराला जवळजवळ काहीच माहीत नाही. मस्जिद बंदरला पी. डि’मेलो रोडवर इंडियन सेलर्स होम आहे, खलाशांची वसतिगृहवजा संस्था. तिच्या इमारतीत पहिल्या महायुद्धातल्या खलाशांचं स्मारक आहे. अविभाजित हिंदुस्थान, एडन आणि पूर्व आफ्रिकेतले दोन हजारांहून अधिक नाविक आणि खलाशी, ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही. त्यांची नावं तिथे धातूच्या पत्र्यांवर आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांहून अधिक नाविकांच्या नावांची नोंदवही तिथे आहे, आणि तिचीच दुसरी प्रत चितगावला. लंडनच्या टॉवर हिलवर, थेम्सच्या काठी, ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचे मृत खलाशी नावानिशी उघड्यावर आहेत. त्याच जहाजांवर खाली बॉयलरपाशी कोळसा ओढणारे हिंदी खलाशी मात्र त्या यादीत नाहीत, ते मुंबईच्या या इमारतीत आहेत.

सारंग, तांडेल, सुखानी, आगवाला, कोयलावाला, भंडारी, टोपास. जहाजावरच्या या हुद्द्यांमध्ये आपल्या किनाऱ्याचा अर्धा इतिहास आहे. पी अँड ओसारख्या कंपन्यांच्या जहाजांवर डेकवरची माणसं मोठ्या संख्येने रत्नागिरीकडची कोकणी मुसलमान असत, सलूनमधली गोव्याची. पाणतीर लागला की पहिला तडाखा बसायचा तो इंजिनखोलीला. हे युद्ध फार लांब कुठे अटलांटिकमध्येच चाललं होतं असंही नाही. २३ जून १९१७ रोजी पी अँड ओचं मंगोलिया जहाज मुंबईच्या दक्षिणेला, आपल्याच समुद्रात, वुल्फ या जर्मन जहाजाने पेरलेल्या सुरुंगावर आदळून बुडालं. २३ नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून आफ्रिकेला निघालेली तिलावा जपानी पाणबुडीने बुडवली, २८० माणसं गेली. १४ एप्रिल १९४४ रोजी तर युद्ध शहराच्या गोदीत येऊन फुटलं. व्हिक्टोरिया डॉकमध्ये दारूगोळा आणि कापूस एकत्र भरलेलं फोर्ट स्टिकिन जहाज पेटलं आणि शेकडो माणसं मेली, त्यांत आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान होते.

या सगळ्यांतली एक आठवण मुंबईने खरोखर जपली आहे, ती त्या ६६ जणांची. दरवर्षी १४ एप्रिलला भायखळ्याला मानवंदना होते आणि देशभर त्या दिवसापासून अग्निशमन सप्ताह पाळतात. का टिकली ती आठवण? कारण ती सांभाळणारं खातं जिवंत आहे, त्याच गणवेशात आजही माणसं आगीत शिरतात, आणि आपल्यातले ते ६६ कोण हे त्यांना माहीत आहे. तिलावाच्या प्रवाशांच्या नातलगांनी ऐंशी वर्षांनी, २०२२ साली, मुंबईत स्मरणाचा कार्यक्रम केला, तोही वारसांना आपली नावं माहीत होती म्हणून. दीऊच्या किनाऱ्यावर आयएनएस खुकरीचं स्मारक आहे. ९ डिसेंबर १९७१ रोजी कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले, त्यांना धरून १८ अधिकारी आणि १७६ नाविक, एकूण १९४ जण. ते स्मारक दीऊला जाणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेवर आहे, खाली खवळलेला समुद्र आहे, आणि तिथे उभं राहिलेल्या माणसाला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. कलकत्त्याने १९२०च्या दशकात हुगळीच्या काठावर खलाशांचं उंच स्मारक बांधलं. अविभाजित बंगाल आणि आसामच्या ८९६ खलाशांसाठी. पुढे पडझड झाली तेव्हा नौदलाने ते नीट केलं. कलकत्ता नदीवर असून त्याने आपले खलाशी पाण्यावरून दिसतील असे ठेवले. समुद्रावर असलेल्या मुंबईने ते इमारतीच्या आत ठेवले आहेत. पाण्याकाठी मुंबईने उभारलं ते गेटवे ऑफ इंडिया, एका राजाच्या आगमनाची कमान, ४ डिसेंबर १९२४ रोजी खुली झालेली. योगायोगाने ४ डिसेंबर हाच आपला नौदल दिन, आणि त्या दिवसाचे नौदलाचे सोहळेही या कमानीसमोर झालेले आहेत.

आता खरा अवघड प्रश्न. ही माणसं परक्या राज्यासाठी लढली, आणि अफगाण युद्ध तर निव्वळ साम्राज्याचा हव्यास होता. अशांची स्मारकं आपण कशासाठी जपायची? हा आक्षेप मी हलका मानत नाही, कारण आमच्या भागात तो पुस्तकातला प्रश्न नाही. आपट्यापासून थोड्या अंतरावर शिरढोण, वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. ते १८८३ साली एडनच्या तुरुंगात मेले. उरणकडे गेलं की चिरनेर. २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. धाकू गवत्या फोफेरकर, नवशा महादू कोळी, रघुनाथ मोरेश्वर न्हावी, रामा बामा कोळी, आनंदा माया पाटील, परशुराम रामा पाटील, आलू बेमट्या म्हात्रे, हसुराम बुधाजी पाटील. चिरनेर, जुई, कोप्रोली, पाणदिवे, दिघोडे, खोपटे अशा खाडीकाठच्या गावांचे आठ शेतकरी-कोळी. त्या गोळीबारात मामलेदार केशव महादेव जोशीही मारले गेले. दरवर्षी २५ सप्टेंबरला तिथे पोलीस मानवंदना देतात, आणि ही आठ नावं शाळेतल्या मुलांना येतात.

म्हणजे याच किनाऱ्यावरच्या गावांतली माणसं साम्राज्याच्या जहाजांवर बुडाली, आणि याच किनाऱ्यावरची माणसं साम्राज्याच्या गोळीने पडली. दोघांत एका पिढीचंही अंतर नाही. एकाला हुतात्मा म्हणायचं आणि दुसऱ्याचं नावही घ्यायचं नाही, हा न्याय मला जमत नाही. खलाशी झालेला पोरगा साम्राज्यासाठी गेला नव्हता. भाताच्या एका पिकावर घर चालत नव्हतं, खोताचा वाटा द्यावा लागत होता, सावकार दारात होता, म्हणून तो गेला. त्याचं स्मरण केलं म्हणून मंगोलिया ज्या कंपनीचं होतं तिचा गौरव होत नाही. शिवाय इतिहास इथेही सरळ रेषेत चालत नाही. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी नाविकांचं बंड सुरू झालं ते कुलाब्यातल्या ‘तलवार’ या नौदलाच्या शाळेत, अफगाण चर्चपासून हाकेच्या अंतरावर. ज्या नाविकांनी ते केलं, त्यांतले बरेच त्याच युद्धातून परतले होते ज्यातल्या मृतांची वही सेलर्स होममध्ये आहे. ते युद्ध विसरून ते बंड कसं समजणार?

खूण कशाने होते, याचा विचार करताना मला आमच्या आपटा स्टेशनचाच दाखला घ्यावासा वाटतो. छोटं स्टेशन, दोन बाजूंना डोंगर. १९९५ साली ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’च्या शेवटच्या प्रसंगाचं चित्रीकरण इथे झालं, चालत्या गाडीच्या दारात हात पुढे केलेला नायक आणि फलाटावरून धावणारी नायिका. तेव्हापासून परगावची माणसं ते ठिकाण शोधत येतात, फलाटावर फोटो काढतात. मला त्यात वावगं वाटत नाही, त्या सिनेमावर माणसांनी प्रेम केलंय. पण यातून एक गोष्ट कळते. कधी न घडलेला निरोप, पुन्हा पुन्हा दाखवला गेला की, खूण होतो. आणि घडलेले निरोप, धरमतरच्या, रेवसच्या, बाणकोटच्या, जयगडच्या धक्क्यांवर खलाशांना दिलेले, त्यांच्यामागे ज्या आया उभ्या राहिल्या त्यांच्यासकट पुसले जातात, कारण ते कुणी सांगत नाही. १७ जुलै १९४७ची रामदास बोट रेवसला जाताना बुडाली, शेकडो माणसं गेली, ती कोकणच्या घराघरांत अजून सांगितली जाते. ती युद्धात बुडाली नव्हती, पण तिची गोष्ट टिकली कारण बुडालेल्यांची गावं शेजारी होती आणि त्यांची नावं शेजाऱ्यांना माहीत होती. स्मारक दगडाने टिकतं त्यापेक्षा सांगण्याने जास्त टिकतं, आणि सांगायला नाव लागतं.

म्हणून मला जे हवंय ते नवीन भव्य बांधकाम नाही. समुद्रात कोट्यवधींचे पुतळे उभारायची हौस महाराष्ट्राला आहेच, तिच्यात भर घालण्याची गरज नाही. मनोरा आहे, नावं आहेत, एकमेकांपासून काही मैलांवर आहेत. अफगाण चर्च हे चालू उपासनास्थळ आहे, ते तसंच राहिलं पाहिजे. त्याच्या भिंतींशी छेडछाड करायला मी सांगत नाही. पण आवाराच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, बसथांब्यापाशी, मराठीत आणि इंग्रजीत एक फलक लावता येईल. मुंबईच्या ज्या पलटणी त्या मोहिमांवर गेल्या त्यांची नावं त्यावर असावीत, काली पाचवीचं काहान असावं, नफूस्क असावं. पलटणींच्या जुन्या हजेऱ्या आणि निवृत्तिवेतनाच्या नोंदी लंडनच्या आणि मुंबईच्या दफ्तरखान्यांत शोधल्या, तर काही शिपायांची नावं अजूनही मिळू शकतील. मिळतील तितकी त्यावर यावीत. अपुरी यादी चालेल. ‘इतके होते की लिहिता आले नाहीत’ हे वाक्य तिथे शेवटचं राहता कामा नये.

सेलर्स होमच्या नावांसाठी तर संशोधनाचीही गरज नाही, यादी तयार आहे. ती पाण्याकाठी आणायला हवी. गेटवेच्या परिसरात किंवा भाऊच्या धक्क्यावर, म्हणजे जिथून मांडव्याची आणि रेवसची लाँच सुटते तिथे, जिथून कोकणात जाणारी माणसं आजही रांगेत उभी असतात. नावं देवनागरीत असावीत, हुद्द्यासकट. कुणी आगवाला असेल तर आगवाला, भंडारी असेल तर भंडारी. आणि नोंदीत जिथे गाव दिलेलं असेल तिथे गावासकट, म्हणजे लाँचची वाट पाहणाऱ्या माणसाला सहज नजर टाकून आपलं गाव शोधता येईल. नौदल, बंदर प्राधिकरण, महापालिका आणि कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, चौघांपैकी कुणीही हे एकट्याने करू शकतं.

आणखी एक, आणि हे आमच्या जिल्ह्यांनी स्वतः करायचं. सेलर्स होममधल्या दोन्ही महायुद्धांच्या याद्यांमधून रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि ठाणे जिल्ह्यांची नावं तालुकावार काढून त्या त्या ग्रामपंचायतीला एक प्रत पाठवावी. हे काम एखाद्या महाविद्यालयाचा इतिहास विभाग एका वर्षात करू शकेल. काही ठिकाणी, महाडकडच्या फौजी आंबवड्यासारख्या गावांत, महायुद्धात गेलेल्यांची पाटी आधीपासून आहे, तिथे ती यादी पाटीशेजारी लागेल. बाकीच्या बहुतेक गावांत काहीच नाही. आपट्याच्या वाट्याला त्यात एकही नाव आलं नाही तरी हरकत नाही, खाडीच्या पुढच्या गावात येईल, आणि तिथल्या ग्रामसभेत कुणीतरी उठून म्हणेल की हा आमच्या आजोबांचा चुलता, हा बोटीवर गेला होता आणि परत आला नाही, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.